जव कापेपर्यंत

रांगलुंग, स्पिती
२० मे २००७

ती. दीपाताईस,
जयभीम.

पोचलो एकदाचा. आईला मी सिमल्यातच आहे असं सांगितलंय, तेव्हा तिच्याशी फोनवर बोलताना 'बर्फ' हा शब्द काढू नकोस, पाया पडतो तुझ्या. सिमल्यापासून काझ्यापर्यंत बस, आणि काझ्याहून पुढे टेम्पोत पिठाच्या पोत्यांवर बसून इथवर. झाड म्हणून दिसत नाही गं! सगळा डोंगर करपलेल्या भाकरीच्या रंगाचा आणि मध्येच हिरवा चौकोन दिसला की समजायचं, गाव आलं. सुरुवातीला बुटाची नाडी बांधतानाही धाप लागायची.

मेमे नोरबूंच्या घरी राहतो. मेमे म्हणजे आजोबा. त्यांची बायको ती आबी, आणि नात आंगमो काझ्याला शाळेच्या होस्टेलवर असते. माझ्या बॅगेतला बाबासाहेबांचा फोटो आबीने पाहिला आणि विचारलं, हे कुठले लामा? मी म्हटलं, आमचे. झालं! तिने फोटो उचलून घरातल्या बुद्धमूर्तीशेजारी ठेवला आणि आता रोज सकाळी पुढ्यात पाण्याची वाटी ठेवते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातले, पण तिला नको म्हणवेना मला.

हिमबिबट्याचे कॅमेरे लावायला सुरुवात केली. भरल म्हणून निळसर अंगाची रानमेंढी असते, ती जिथे चरते तिथे तो येतो. भरल येतात गावाच्या वरच्या नाल्यातून, आणि नेमकं तिथेच जायला बंदी! जव पेरला की कापेपर्यंत त्या नाल्यात कुणी पाय ठेवायचा नाही, नाहीतर वरच्या पाण्याची देवता गारा पाडते. जो बंदी मोडेल त्याला गाव विस्तव देत नाही, पाणी देत नाही. मेमेंनी आल्या आल्या माझा हात हातात घेऊन शब्द घेतला. मीही दिला. आता कॅमेऱ्यांचं बोंबललं.

फोन फक्त काझ्यात, तोही लागला तर. म्हणून पत्रच लिही. आणि त्यात ते तुझं जर्मन 'गेनाऊ, गेनाऊ' घालू नकोस, मी काही तुझ्यासारखा अर्धा जर्मन झालेलो नाही.

तुझा,
विपुल


आखन, जर्मनी
१२ जून २००७

चि. विपुल,
जयभीम.

तुझं पत्र बसमध्ये वाचत बसले आणि माझा स्टॉप मागे गेला. मग चालत आले, शिव्या देत, तुलाच.

आता कामाचं ऐक, आणि नीट ऐक. तुला माहीतच आहे, हिमालयात डोंगर कोसळून किंवा बर्फ वितळून जी नवी तळी तयार होतात ती उपग्रहाच्या चित्रांवरून शोधायची, हा माझा पीएचडीचा विषय. सहज तुझं रांगलुंग पडद्यावर काढलं. गावाच्या वर, त्याच तुझ्या बंदीच्या नाल्यात, एक काळा डाग आहे. आधीच्या वर्षीच्या चित्रात तो नाही. प्रोफेसरांना दाखवला तर म्हणाले, "शाटन." म्हणजे सावली. हे चित्र गेल्या नोव्हेंबरचं. तेव्हा सूर्य खाली असतो, कड्यांच्या लांब सावल्या पडतात आणि वरून बघताना सावली नि पाणी दोन्ही सारखंच काळं दिसतं. आमच्या कामात ही गफलत नेहमीची. जूनचं चित्र आलं की कळेल, पण ते कधी हाती पडेल देव जाणे. (आपल्यात देव नाही, माहीत आहे, गप्प बस.) आणि आमचा अहवाल जुलैअखेर सिमल्याला सरकारकडे जायचाय.

म्हणून तू वर जा आणि डोळ्यांनी बघून ये. पाणी असेल तर ते तुमच्या डोक्यावर आहे. फुटलं तर मेमेंचं घर पहिलं जाईल, आणि त्यात तू असशील.

आणि ही बंदी सगळ्यांना आहे की तुलाच? आडनाव सांगितलंस का तिथे? जात विचारली का कुणी? 'पाण्यावर जाऊ नको' एवढं वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आपले आजोबा चवदार तळ्यावर गेले होते, डोक्यात काठी खाऊन आले, ती खोक आपण हात लावून पाहिलीये. त्यांचा नातू देवता रागावेल म्हणून खाली बसणार? इथे गावाच्या मधोमध गरम पाण्याचा झरा आहे, सडक्या अंड्यांसारखा वास येतो त्याला, पण त्यात कुणीही हात घालतो, कुत्रीसुद्धा पितात. तिथून जाताना दर वेळी आजोबा आठवतात.

जा म्हणजे जा.

तुझी,
ताई


रांगलुंग
६ जुलै २००७

ती. ताईस,
जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी राग आला आणि मग लाज वाटली, कारण तोच प्रश्न माझ्याही मनात पहिल्याच दिवशी येऊन गेला होता. बंदी सगळ्यांना आहे. गावच्या लामांनासुद्धा. मी मेमेंना आजोबांची सगळी हकिकत सांगितली. ते लोकर कातत होते, त्यांनी चाती खाली ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "तुमच्या तळ्यावर माणसं अडवायला बसली होती. आमच्या पाण्यावर कुणी बसलेलं नाही. आम्ही तिकडे जात नाही, म्हणजे कुणीच जात नाही." आबीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जणू काठी मलाच बसली होती.

असो. तुझं काम केलं. कुणाला न सांगता वर जाऊन आलो. ऐन दुपारी पोचलो. दोन्ही बाजूंना काळे कडे आणि मध्ये नुसती सावली पसरलेली. पाण्याचा टिपूस नाही. तुझे प्रोफेसर बरोबर. खुशाल लिही. फक्त माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस, इथे कळलं तर माझं काही खरं नाही.

यंदा भरल नाल्यातून खाली उतरतच नाहीत. समोरच्या डोंगराच्या धारेवर चरतात, मग बिबट्याही तिकडेच. काल त्याचा एक फोटो मिळाला, शेपूट तोंडात धरून चाललाय, पोरगं अंगठा चोखतं तसा. पुढच्या पत्रात पाठवतो.

तुझा,
विपुल


आखन
२७ जुलै २००७

चि. विपुल,
जयभीम.

शाब्बास रे पठ्ठ्या! जिवात जीव आला. पत्र आलं त्याच दिवशी अहवालात तो डाग 'सावली' म्हणून टाकला आणि अहवाल सिमल्याला गेलासुद्धा. तुझं नाव घातलेलं नाही. 'रांगलुंग येथे राहणाऱ्या वन्यजीव संशोधकाने जागेवर जाऊन खात्री केली,' एवढंच लिहिलंय. प्रोफेसर खूश. सगळ्या तळ्यांमध्ये जागेवर जाऊन पाहिलेलं हे एकच, म्हणाले.

रविवारी आम्ही इथली मराठी मंडळी ड्युसेलडॉर्फला वासंतीताईंकडे जमलो होतो. तुझी गोष्ट सांगितली. त्यांच्या मुलीला, ज्ञानदाला, मराठी सगळं समजतं पण उत्तर ती जर्मनमध्येच देते. म्हणाली, मामाला भीती नाही वाटली का? मी म्हटलं, चवदार तळ्यावाल्यांचा नातू आहे तो.

बिबट्याचा फोटो पाठव, विसरू नकोस.

ताई


काझा
२१ ऑगस्ट २००७

ती. ताईस,
जयभीम.

पत्ता बघून कळलंच असेल, मी आता रांगलुंगला नाही.

सिमल्याहून एक साहेब तुमचा अहवाल घेऊन गावोगाव फिरत होते. रांगलुंगला गावाला गोळा करून त्यांनी तो हिंदीत वाचून दाखवला. 'इथे राहणाऱ्या संशोधकाने वर जाऊन खात्री केली.' ताई, इथे संशोधक म्हणून मी एकटाच आहे गं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मेमे उठून माझ्यापाशी आले. "तू गेलास वर?" एवढंच विचारलं. साहेब बघतायत, गाव बघतंय. मी हो म्हटलं.

संध्याकाळी आबीने माझं सामान दाराबाहेर आणून ठेवलं, फोटोसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून. चूल पेटलेली होती पण मला आत ये म्हणाली नाही. मी पाण्याचा तांब्या उचलला तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला. रडत होती. पण घेतला. आपल्या घरातल्यांनी हे पूर्वी किती वेळा पाहिलं असेल. फरक एवढाच की त्यांनी काही केलेलं नसायचं.

काझ्यात एका दुकानाच्या मागे खोली घेतलीये. एक गोष्ट मनात सलतेय म्हणून लिहितो. नाल्याचं पाणी महिनाभर कमी झालंय आणि गढूळ येतंय. त्यावरून मेमे आणि काही घरं जनावरं घेऊन वरच्या कुरणावर राहायला जायचं म्हणत होती. अहवाल ऐकल्यावर राहिली. शिकलेला माणूस स्वतः बघून आलाय म्हटल्यावर कशाला जायचं, आता जव कापूनच जाऊ, म्हणाले.

ताई, ती सावलीच आहे ना? तुझी खात्री आहे ना?

विपुल


आखन
४ सप्टेंबर २००७

विपुल,

जूनचं चित्र आलं. डाग तिथेच आहे. मोठा झालाय.

जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा त्या नाल्याच्या तळाशी सावली पडूच शकत नाही. ते पाणी आहे. आणि तुझं जुलैचं पत्र पुन्हा काढून वाचलं. 'ऐन दुपारी पोचलो, मध्ये नुसती सावली पसरलेली.' ऐन दुपारी, जुलैत, कसली सावली रे? तू गेला नाहीस. तू वर गेलाच नाहीस, विप्या. आणि मी, हाच विषय शिकणारी बया, ते वाक्य वाचून नाचले, कारण मला तेच वाचायचं होतं.

का नाही गेलास ते नंतर सांग. आत्ता गावात जा आणि सगळ्यांना वर काढ, कुरणावर, नाल्यापासून लांब. तुला आत घेत नसतील तर बाहेरून ओरड. कालपासून काझ्याला फोन लावतेय, लाइनच बंद आहे. सिमल्याला मेल केला, त्यांचं उत्तर आलं की तुमच्याच अहवालात जागेवर जाऊन खात्री केल्याचं लिहिलंय, दुरुस्ती असेल तर रीतसर पाठवा. ती पाठवली. ज्याला ज्याला मेल करता येईल त्याला केला. प्रोफेसरांच्या खोलीत उभी राहून रडले, ते बिचारे कॉफी घेऊन उभे.

हे पत्र एक्स्प्रेसने पाठवतेय. ते पोचायच्या आत तुला हे कळलेलं असू दे.

ताई


काझा
२६ सप्टेंबर २००७

ताई,

तुझं पत्र मिळालं. त्याच्या आठवडाभर आधी नाला आला होता.

कापणीचा मुहूर्त लामांनी काढलेला होता. विळे घासून ठेवलेले. त्याच्या आदल्या सकाळी आला. मी काझ्यात होतो. आवाज इथवर आला नाही, फक्त नदी काळी झाली आणि मग त्यात दारं यायला लागली. रंगवलेली लाकडी दारं. मी मेमेंचं दार ओळखलं.

जे कुरणावर गुरांपाशी होते ते आणि होस्टेलवरची पोरं, एवढेच राहिले. कुरणावरचे आता खाली त्याच नाल्याच्या तोंडाशी तंबूत राहतायत. मेमे खाली नदीच्या वळणावर सापडले. आबी अजून सापडलेली नाही. मेमेंना उचलायला मी हात लावायला गेलो, तर कुरणावरचा एक म्हातारा म्हणाला, तू नको. मी बाजूला झालो. खरंच होतं ते.

तू विचारलंस म्हणून सांगतो. मी गेलो नाही कारण मेमेंना शब्द दिला होता. आणि तू 'जा म्हणजे जा' लिहिलं होतंस, तेही मोडवेना. मग समोरच्या धारेवर चढून दुर्बिणीतून पाहिलं, काळा कडा दिसला, त्यालाच सावली म्हटलं. दोघांचाही मान राहील असं वाटलं. साहेबासमोर 'नाही गेलो' म्हटलं असतं तर तुझा अहवाल खोटा ठरला असता, तू तोंडघशी पडली असतीस. म्हणून हो म्हटलं. मी खोटं बोललो म्हणून मेमेंनी मला बाहेर काढलं, आणि बाहेर काढलं म्हणून मी जिवंत आहे. त्यांनी माझ्यावर शेवटपर्यंत विश्वास ठेवला गं. मी वर गेलो होतो, यावर.

आईला काही सांगू नकोस.

विपुल


आखन
१४ ऑक्टोबर २००७

विपुल बाळा,

हे पत्र चार वेळा फाडलं. आज वासंतीताईंकडे धम्मचक्र दिनाला गेले होते. सगळे त्रिशरण म्हणत होते, मी मध्येच उठून दाराशी जाऊन उभी राहिले. ज्ञानदाने माझा हात धरला. या वेळी मराठीत म्हणाली, मावशी, घरी जाऊ या.

तुला मी दोष देत नाही. द्यायला तोंड कुठे आहे मला? न विचारता, न समजता, आजोबांची काठी मी तुझ्या हातात दिली. तिथली बंदी वेगळ्या जातीची आहे, हे मेमेंनी तुला सांगितलं, तू मला कळवलंस, आणि मी ते वाचून पुढचं वाक्य शोधत होते.

आता जे लिहितेय ते लिहायचं नव्हतं. नवं चित्र आलंय. गाव होतं तिथे राखाडी पट्टा आहे. पण वर नाल्यात काळा डाग अजून आहे, लहान. म्हणजे बांध अर्धाच फुटला असेल आणि मागे पाणी राहिलं असेल. किंवा सावली असेल, आता सूर्य उतरलाय. प्रोफेसर म्हणतात सावली. मी म्हटलं, नाइन, मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही.

तू लिहिलं होतंस, उरलेले लोक त्याच नाल्याच्या तोंडाशी तंबूत राहतायत. मी तुला जा म्हणणार नाही. एकदा म्हटलं, पुरे झालं. फक्त डाग आहे, हे तुला माहीत असावं.

ताई


रांगलुंग
३ नोव्हेंबर २००७

ती. ताईस,
जयभीम.

तुझं पत्र घेऊन मी रांगलुंगला आलो. तंबूंपाशी उभा राहून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, हिंदीत, जसं साहेबाने वाचलं होतं तसं. आणि मी पहिल्या वेळी गेलो नव्हतो हेही सांगितलं. कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणी मारलं नाही.

आंगमो काझ्याहून आली होती. चौदा-पंधराची असेल. ती म्हणाली, "गेला असतास तरी मेमेंनी तुला बाहेर काढलंच असतं ना?" मी हो म्हटलं. "खोटं बोललास तरी काढलंच." मी पुन्हा हो म्हटलं. "मग गेला का नाहीस?"

मी म्हटलं, आता जातो. तर लोक एकमेकांकडे बघायला लागले. यंदा जव कापलाच गेला नाही. सगळा वाहून गेला. म्हणजे बंदी उठलेलीच नाही. म्हातारा म्हणाला, गेलास तर विस्तव-पाणी तुटेल, आणि या थंडीत त्याचा अर्थ तुला कळतो. मी म्हटलं, कळतो, तरी सांगून जातो.

तेवढ्यात आंगमो कुठेतरी गेली. मेमेंच्या शेताचा सगळ्यात वरचा बांध तेवढा वाचलाय. तिथे हातभर पट्ट्यात जव उभा होता, बर्फाने वाकलेला, दाणे चिमण्यांनी नेलेले. तिने कुणाचा तरी विळा आणला आणि तो कापला. थंडीने हात चालत नव्हते तिचे. पेंढी बांधून म्हाताऱ्याच्या पायाशी आणून टाकली. "जव कापला," म्हणाली. म्हातारा पेंढीकडे बघत बसला. मग त्याने पेंढी कपाळाला लावली. मग सगळे रडले. मीही.

काल वर गेलो. या वेळी खरंच गेलो. एकटा नाही, म्हातारा बरोबर आला. वाटेत भरलांची एकही लेंडी नाही, किती महिने जनावरांनी हा नाला सोडला होता ते तिथे गेल्यावर दिसतं. मी खालून नुसतं नोंदवत होतो. वर एका बाजूचा डोंगर सबंध उतरून आडवा पडलाय. त्याचा अर्धा भाग फुटलाय, अर्धा तसाच आहे, आणि त्याच्या मागे सपाट पांढरं होतं. मी दगड टाकला. बर्फाचा पापुद्रा फुटला आणि दगड बुडाला. दोर सोडला, तळ लागला नाही.

आज सकाळपासून तंबू कुरणावर हलवतोय. इथलं झालं की काझ्याला जाऊन तुला फोन करेन, पण लाइनचा भरवसा नाही म्हणून हे लिहून टेम्पोबरोबर पाठवतोय. सिमल्याला आजच कळव. आणि या वेळी माझं नाव घाल, पूर्ण, आडनावासकट.

मी जाऊन आलो, ताई. पाणी आहे.

तुझा,
विपुल